मकाव: दोन दिवस, एक पूल आणि बाबांची पणजी

तेरेखोलकाठ

गेली अकरा वर्षे मी नोकरीनिमित्त हाँगकाँगला राहतो. या काळात जवळच्या मकावला, म्हणजे १९९९ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेल्या शहराला, तीनदा जाणे झाले, पण तिन्ही वेळा कार्यालयातल्या मंडळींबरोबर. संध्याकाळची बोट, रात्रभर झगमगाट आणि पहाटे डोळे चोळत परत, एवढेच त्या जाण्याचे स्वरूप होते. मकाव म्हणजे कॅसिनो, यापलीकडे त्या शहराबद्दल माझे काही मत नव्हते. गेल्या डिसेंबरात बाबा गावाहून महिनाभरासाठी आले होते आणि नाताळाच्या आधी मला दोन दिवसांची रजा मिळाली, म्हणून त्यांना घेऊन चौथ्यांदा गेलो. त्या दोन दिवसांबद्दल लिहितो आहे.

बाबांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ते ७८ वर्षांचे आहेत, माध्यमिक शाळेतून निवृत्त झाले आहेत आणि आमचे घर बांद्याला, म्हणजे गोव्याच्या हद्दीला लागून आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यानंतर हद्द बंद झाली आणि पेडण्याला दिलेल्या त्यांच्या आत्याला सहा वर्षे माहेरी येता आले नाही. पोर्तुगीज हा शब्द आमच्या घरात इतिहासाच्या पुस्तकातून आलेला नाही, तो त्या आत्याच्या न झालेल्या माहेरपणातून आलेला आहे.

शेउंग वानहून बोटीने तासाभरात मकावला पोहोचता येते. बाबांना वाटले होते की डेकवर उभे राहून समुद्र पाहता येईल. प्रत्यक्षात बोट चहूबाजूंनी बंद, खिडक्यांच्या काचांवर मिठाचे पांढरे थर आणि समोरच्या खिशात ओकारीसाठी कागदी पिशवी. आयुष्यभर तेरेखोलच्या खाडीत होड्यांतून फिरलेल्या माणसाला ती पिशवी हा स्वतःचा अपमान वाटला. मकावला उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, हाती एक लहानशी कागदी चिठ्ठी देतात. बाबांनी ती लगेच पाकिटात, देवाच्या फोटोमागे ठेवली.

धक्क्याबाहेर वेगवेगळ्या कॅसिनोंच्या फुकट बसगाड्या रांगेने उभ्या असतात. फुकट का, असे बाबांनी विचारले आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाले, की बोकडाला जत्रेला नेताना त्याच्याकडून भाडे घेत नाहीत.

पहिली संध्याकाळ आम्ही कोताईमध्ये घालवली. कोलोआन आणि ताईपा ही दोन बेटे होती. त्यांच्यामधल्या समुद्रात भराव घालून ही जमीन तयार केली आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून तिचे नाव ठेवले. २००७ साली उघडलेल्या व्हेनेशियन या कॅसिनो-हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा कालवा आहे, त्यात होड्या आहेत, नावाडी गातात आणि वर छतावर आभाळ रंगवलेले आहे. बाबा बराच वेळ मान वर करून पाहत होते. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, “तासभर झालो, तिनसांजा काय सरना नाय. दिवो कोण लावतलो?”

जुगाराच्या दालनात २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही आणि छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. आम्ही खेळलो नाही, बकारा या पत्त्यांच्या खेळाच्या एका टेबलामागे उभे राहिलो. समोरचा गृहस्थ, साधारण पन्नाशीचा, उपडे ठेवलेले पान एकदम उलटत नव्हता. दोन्ही अंगठ्यांनी त्याची कड हळूहळू वाकवत, आतल्या चिन्हांचे टोक दिसते का ते बघत होता आणि मागे उभे असलेले दोघे “चुई, चुई” असे ओरडत होते. चुई म्हणजे फुंकर मार. नको असलेले चिन्ह फुंकरीने उडून जावे अशी त्यांची श्रद्धा. वाकवून चुरगळलेली ती पाने पुन्हा वापरत नाहीत, एका डावानंतर थेट टाकून देतात. बाबांना पैशांपेक्षा त्या कोऱ्या पानांचेच वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या शहरात गेलो, आणि येथे मात्र बाबा मला सोडून पुढे चालू लागले. गल्लीच्या तोंडाशी निळ्या-पांढऱ्या टाइलची पाटी, वर चिनी अक्षरे आणि खाली रोमन लिपीत रुआ, त्रावेसा, लार्गो. पिवळ्या भिंती, पांढऱ्या महिरपी, लाकडी झडपांच्या खिडक्या. एका दुकानावर पदारिया असे लिहिलेले होते, बाबांनी ते अक्षर जुळवून वाचले आणि म्हणाले, “पोदेर! आरे, ही तर पणजीच रे मेल्या!” पोदेर म्हणजे आमच्याकडे सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा, हे घाटावरच्या वाचकांसाठी.

दुपारी आम्ही बारा नावाच्या टेकडीच्या चढावर एका लांबलचक पिवळ्या इमारतीसमोर पोहोचलो. रुंद व्हरांडा, टोकदार कमानी, जोत्याला ग्रॅनाइटचा चिरा. ही मूरांची बराक (पोर्तुगीज मुसलमानांना मूर म्हणत). १८७४ साली ती बांधली, ती मकावच्या पोलिसांच्या मदतीला गोव्याहून आणलेल्या भारतीय पलटणीसाठी. आज तेथे बंदर प्रशासनाचे कार्यालय आहे आणि पर्यटकाला व्हरांड्यापर्यंतच जाता येते. पाटीवर पलटणीचा उल्लेख आहे, पण एकाही शिपायाचे नाव नाही. बाबा व्हरांड्याच्या पायरीवर बसले. त्यांनी मला विचारले, की ह्यातला एखादा पेडण्याचा असेल का. मी म्हटले, असेलही. ते म्हणाले, मग त्याच्या बहिणीलाही सहा वर्षे कोणी भेटले नसेल.

परतीचा प्रवास मकाव आणि हाँगकाँगला जोडणाऱ्या समुद्रावरच्या पुलावरून केला. त्या पुलाविषयी आणि खर्चाविषयी कोणी विचारले तर सांगेन. ज्यांनी मकाव पाहिले आहे त्यांनी भर घालावी; माझे म्हणणे एवढेच, की आपल्या बाजूच्या माणसाने तेथे जाऊन फक्त कोताई पाहून परतू नये. झगमगाटाला एक संध्याकाळ पुरते.

पोटोबा

लेख आवडला, परंतु जेवणाचा एकही उल्लेख नसल्याबद्दल निषेध नोंदवतो. मकावचे जेवण हाच गोव्याशी असलेल्या नात्याचा सर्वांत पक्का पुरावा आहे. तेथे बालिशाँव नावाचा बारीक कोळंबीचा खारवलेला मसाला मिळतो; आपले बालशांव त्याचेच भावंड. बेबिंका द लेइत म्हणून नारळाच्या दुधाचा एक गोड पदार्थ असतो, त्याला आपल्या बेबिंकेसारखे थर नसतात, पण नाव तेच आहे. बिस्किटाचा चुरा आणि मलई यांचे थर असलेले सेरादुरा तर दोन्हीकडे सारखेच. गालिन्या आ पोर्तुगेझा नावाचा प्रकार मागवला, तर समोर हळद आणि नारळाचे दूध घातलेली कोंबडी आली. पोर्तुगालमध्ये ती कोणी ओळखणार नाही, मालवणात मात्र लगेच भात मागतील.

मांडवीतीर

मी पणजीचा, आणि मला हा सूर थोडा टोचला, म्हणून स्पष्ट लिहितो. निळ्या टाइल पाहून गहिवरणारे पर्यटक आम्ही फोंताइनाश या आमच्या जुन्या वस्तीत रोज पाहतो. लोकांच्या दारात उभे राहून छायाचित्रे काढतात आणि दार उघडले तर घरमालकालाच बाजूला व्हायला सांगतात. तुमच्या बाबांना ती पणजी वाटली हे मी समजू शकतो, परंतु दोन्ही शहरे एकसारखी दिसतात याचे कारण इतकेच, की १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेखालीच चालत होता. एकाच मालकाची दोन कुळे सारखी दिसली तर त्यात नवल नाही.

दुसरे असे, की जुने गोवे आणि मकाव यांच्यात एक साम्य तुम्ही लिहायला विसरलात. मकावच्या सेंट पॉलची दर्शनी भिंत तेवढी उभी आहे, बाकी सर्व १८३५ च्या आगीत गेले. जुन्या गोव्यातही सेंट पॉल कॉलेज होते, १५५६ साली हिंदुस्थानातला पहिला छापखाना तेथेच आला, आणि आज त्याचे फक्त प्रवेशद्वार रस्त्याकडेला उभे आहे. मकावच्या भिंतीसमोर हजारो माणसे रांग लावतात. आमच्या दारासमोरून बस थांबतदेखील नाही.

आणि कॅसिनोंविषयी म्हणाल, तर मांडवीत नांगरलेल्या बोटी रात्री पाहा. मकावचा झगमगाट आम्हाला आणला आहे, मकावचे रस्ते मात्र नाही.

गणितवेडा

मांडवीतीर यांच्या शेवटच्या वाक्यावरच मला बोलायचे आहे. कोताईला नावे ठेवण्याची एक फॅशन झाली आहे, परंतु ज्या जुन्या गल्ल्यांचे आपण कौतुक करतो त्या झाडून-पुसून ठेवण्याचा पैसा त्या खोट्या आभाळाखालूनच येतो. मकावचे क्षेत्रफळ सुमारे ३३ चौरस किलोमीटर आणि वस्ती सात लाखांच्या आत-बाहेर. कॅसिनोंच्या उत्पन्नावर सरकार सुमारे ४० टक्के कर घेते. २००८ पासून तेथील रहिवाशांना सरकार दरवर्षी रोख रक्कम वाटते आणि कायम रहिवाशाला अलीकडे १०,००० पताका (हे मकावचे चलन) मिळतात. १९६२ पासून चाळीस वर्षे जुगाराचा मक्ता एकाच कंपनीकडे होता. २००२ नंतर तो खुला केला आणि २००६ मध्ये मकावने उत्पन्नात लास व्हेगासला मागे टाकले. पत्ते वाटण्याची नोकरी स्थानिक रहिवाशांसाठीच राखीव आहे, हेही लक्षात घ्यावे.

जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. हाँगकाँगचा एक डॉलर म्हणजे १.०३ पताका, पण दुकानदार डॉलर आणि पताका सरळ एकास एक धरतात, म्हणजे प्रत्येक खरेदीत शंभराला तीन तुमच्या खिशातून जातात. गंमत अशी, की कॅसिनोच्या टेबलावर बहुतेक ठिकाणी मकावच्या स्वतःच्या चलनाला मान नाही. तेथे हाँगकाँगचे डॉलरच चालतात.

तेरेखोलकाठ

@मांडवीतीर, टोचल्याबद्दल दिलगीर आहे, पण बाबांचा तो गहिवर नव्हता. पणजी म्हणताना त्यांच्या आवाजात आनंद कमी आणि ओळख अधिक होती. जुना सावकार दुसऱ्या गावच्या बाजारात अचानक दिसावा तशी. आणि सेंट पॉलविषयी खरोखर लिहायचे राहिले. तिथल्या साठेक पायऱ्या बाबा तीन टप्प्यांत चढले. त्या भिंतीवर सात डोक्यांच्या सर्पावर उभी असलेली मेरी कोरली आहे आणि शेजारी चिनी अक्षरांत मजकूर आहे, की माता ड्रॅगनचे मस्तक तुडवते. बाबांनी ते चित्र पाहून “कालियामर्दन” असे म्हटले आणि पुढे गेले. घडवणाऱ्यांत जपानमधून पळून आलेले ख्रिस्ती कारागीर होते, हे मी त्यांना सांगायच्या आत ते दुसऱ्या बाजूच्या हाडांच्या सापळ्यापाशी पोहोचले होते.

@गणितवेडा, तीन टक्क्यांचे मलाही परतल्यावरच लक्षात आले. तुमचा हिशेब मान्य आहे, तरीही पहाटे चार वाजता कॅसिनोच्या दारात, मान खाली घालून फुकट बसची वाट पाहणारी माणसे मी पूर्वीच्या तिन्ही खेपांना पाहिली आहेत, आणि ती त्या ४० टक्क्यांत कोठे बसवायची हे मला ठरवता येत नाही.

उंटावरचा शहाणा

खरे आणि खोटे यांची जी वाटणी येथे चालली आहे, तिच्यात एक खडा टाकतो. मकावच्या सेनादो चौकातली काळ्या-पांढऱ्या दगडांची लाटांची नक्षी सर्वांनी पाहिली असेल आणि पोर्तुगीज काळाची खूण म्हणून तिची छायाचित्रे घेतली असतील. ती फरसबंदी १९९० च्या दशकातली आहे. निघायला काही वर्षे उरली असताना पोर्तुगीजांनी आपल्याकडचे कारागीर आणून तो चौक सजवला. म्हणजे चार शतके राहिलेल्या माणसाने घर सोडताना जिना रंगवून द्यावा, तसे झाले. तिसऱ्या मजल्यावरचा कालवा २००७ चा आणि चौकातली लाट त्याच्या फार तर पंधरा वर्षे आधीची. एकाला खोटे आणि दुसऱ्याला वारसा म्हणायचे असेल, तर निदान वयाच्या आधारावर म्हणू नये.

तेरेखोलकाठ

हे मला ठाऊक नव्हते आणि वाचून मी थोडा खजील झालो आहे, कारण त्या लाटांवर उभे करून मी बाबांचे छायाचित्र काढले आणि खाली “चारशे वर्षांपूर्वीची फरसबंदी” असे लिहून सर्व नातेवाइकांना पाठवले.

दफ्तरदार

मूरांच्या बराकीच्या सालाकडे लक्ष वेधतो. १८७४ हे वर्ष मकावच्या इतिहासात आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. त्याआधीची वीस-बावीस वर्षे मकाव हे चिनी मजुरांना करारावर क्युबा आणि पेरूला पाठवण्याचे मोठे बंदर होते. करार हा शब्द नावापुरता, अनेकांना फसवून किंवा पळवून आणलेले असे. तो व्यापार त्याच वर्षी बंद झाला. हाँगकाँग वसल्यावर मकावचा व्यापार तिकडे गेला, मजुरांचा धंदाही संपला, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कायदेशीर केलेला जुगार हाच सरकारी तिजोरीचा आधार उरला. आजचा झगमगाट २००२ साली सुरू झाला असे वाटते, परंतु त्याचे मूळ तेथे आहे.

त्याआधी अफू होती, आणि तिच्यात आपलाही हात आहे. माळव्याची अफू मुंबईतून निघाली तर कंपनीला पैसे भरावे लागत. ते चुकवण्यासाठी ती सिंधमार्गे दमणला आणि दमणहून मकावला जात असे. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतल्यावर ती वाट आवळली. तेव्हा मांडवीतीर म्हणतात त्या मालकाच्या खतावणीत आपल्या व्यापाऱ्यांच्याही सह्या आहेत.

मुक्काम कौलून

दफ्तरदार यांच्या शेवटच्या वाक्याला एक जागा दाखवतो. गिया टेकडीच्या पायथ्याशी, समुद्राकडच्या अंगाला, एश्त्रादा दुश पार्सेश नावाचा रस्ता आहे, म्हणजे पारशांचा रस्ता, आणि तेथे १८२९ सालची पारशांची दफनभूमी आहे. मुंबईहून अफू आणि कापूस घेऊन आलेल्यांपैकी जे परत गेले नाहीत ते तेथे आहेत. दख्मा, म्हणजे पारशी मृतदेह ठेवतात तो मनोरा, नसल्यामुळे त्यांना पुरावे लागले. त्या रस्त्याचे चिनी नाव “पांढऱ्या डोक्यांचा रस्ता” असे आहे, कारण चिनी लोकांना त्यांच्या डोक्यावरचे पांढरे पागोटे तेवढे लक्षात राहिले. मी गेलो तेव्हा फाटक बंद होते. गजांतून आत पाहिले, तर टेकडीच्या उतारावर दगडी थडगी आणि त्यांच्यावर गळालेली पाने, आवाज कसलाही नाही. आणि रस्त्याच्या पलीकडे पाचेक मिनिटे चालले की कॅसिनो.

आणि तेरेखोलकाठ, तुम्ही ज्या शेउंग वानहून बोट पकडलीत, त्याच्या वरच्या अंगाला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तो अपर लास्कर रो. लास्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी. त्या गल्लीचे कँटोनीज नाव मो-लो गाय. हे मो-लो मूर या शब्दावरून आले असे मानतात. तुमच्या बाबांचा प्रवास एका मूरांच्या गल्लीतून निघून मूरांच्या बराकीत पोहोचला होता.

सदाशिवसुता

धाग्याचा विषय थोडा व्यवहाराकडे नेते, क्षमस्व. मार्चमध्ये मी मुलीकडे हाँगकाँगला जाते आहे, बरोबर माझ्या ८१ वर्षांच्या आई असतील. त्यांच्या गुडघ्यांचे दुखणे आहे. बोट बरी की पूल? आणि भारतीय पासपोर्टवर व्हिसाची काही व्यवस्था आधी करावी लागते का?

तेरेखोलकाठ

ताई, मकावला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा लागत नाही, ३० दिवसांपर्यंत तसेच राहता येते. तेथून हाँगकाँगला परत येताना मात्र तुम्ही दोघी पुन्हा नव्याने प्रवेश करत असता, तेव्हा हाँगकाँगची प्रवेशपूर्व नोंदणी मुलीला आधीच तपासून ठेवायला सांगा. आईंसाठी मी पूल सुचवेन. बस पुलावर चाळीसेक मिनिटे घेते, हादरे नाहीत आणि सर्व रस्ते धरून ५५ किलोमीटरच्या त्या रचनेत मध्येच समुद्राखालचा बोगदा लागतो, तोही पाहण्यासारखा आहे. फक्त दोन्ही टोकांना सामानासह उतरून तपासणीच्या लांब दालनांतून चालावे लागते, तेव्हा चाकाची खुर्ची मागून घ्यावी. एक सूचना बाबांकडून: हाँगकाँग आणि मकाव दोन्हीकडे गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, पण पुलाचा मोठा भाग चीनच्या हद्दीत असल्यामुळे मध्ये उजवीकडून चालतात. बाबांना ते सर्वांत आधी कळले आणि त्यांनी चालकाला ओरडून सावध करायचे तेवढे बाकी ठेवले होते.

जुन्या शहरात गल्ल्या चढाच्या आहेत आणि टॅक्सीवाले जवळच्या अंतराला नाखूष असतात. आम्हाला एकाने बारा टेकडीचे नाव ऐकताच हात हलवून वाटेला लावले. सार्वजनिक बस मात्र उत्तम आहे. २० डिसेंबरच्या आसपास जाऊ नये एवढे नक्की. १९९९ साली त्या दिवशी मकाव चीनकडे गेले, त्यामुळे सुटी आणि तुफान गर्दी असते. आम्ही नेमके १९ आणि २० ला तेथे होतो.

मांडवीतीर

१९ आणि २०? म्हणजे गोवा मुक्तिदिनाला तुमचे बाबा पोर्तुगीजांच्या दुसऱ्या घरी होते आणि दुसऱ्या दिवशी तिथलाही निरोपसमारंभ गाठला. हे त्यांच्या लक्षात आले होते का?

तेरेखोलकाठ

होय, आणि माझ्या आधी. १९ च्या रात्री खोलीत ते जागे होते. मला म्हणाले, की १९६१ साली त्या रात्री बांद्यात कोणी झोपले नव्हते. रस्त्यावरून लष्कराच्या गाड्या जात होत्या, माणसे कंदील घेऊन उभी होती आणि दोनच दिवसांनी आत्या पायी चालत माहेरी आली, कडेवर बाबांनी कधी न पाहिलेला पाच वर्षांचा आतेभाऊ. मी विचारले, की मकाव अडतीस वर्षांनी शांतपणे, कागदावर सह्या होऊन गेले, हे बरे झाले ना. त्यांनी उत्तर दिले नाही. खिडकीतून समोरचा मनोरा रंग बदलत होता. त्यांनी पडदा ओढला.

@पोटोबा, जेवणाबद्दलचे ऋण येथे फेडतो. मकावहून सगळे जण बदामाच्या बिस्किटांचे डबे नेतात. सेंट पॉलकडे जाणाऱ्या गल्लीत दुकानदार हाताला धरून चव देतात. बाबांनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला आणि सांगितले, की यात बदाम नावाला आहे, हे मुगाचे पीठ आहे. मी हसलो. डब्यावरचे घटक वाचले तर पहिलेच नाव मुगाच्या पिठाचे होते. तरीही त्यांनी सहा डबे घेतले. जानेवारीत ते बांद्याला परतले आणि शेजारच्या काकूंना एक डबा दिला. काकूंनी खाऊन पाहिले आणि त्यांना विचारले, की भाऊ, इतक्या लांबून मुगाचे लाडू आणलेत, आणि तेही चपटे?